लहान मेंदूला रस्ता कळतो का?

नमस्कार. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी त्यांना 'लहान मेंदू' एवढंच सांगितलं होतं. निमंत्रणपत्रिकेत ते 'तोल सांभाळणारा लहान मेंदू' असं छापून आलं. त्यांचं काहीच चुकलेलं नाही. शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी हेच वाचलंय: मोठा मेंदू विचार करतो, लहान मेंदू तोल सांभाळतो. दोन मार्कांचा प्रश्न, विषय संपला. आज मला त्या दोन मार्कांच्या पलीकडचं थोडं सांगायचं आहे. लहान मेंदूचं नातं मेंदूतल्या अशा एका भागाशी दिसायला लागलंय, ज्याचा तोलाशी काही संबंध नाही. तो भाग जागा ओळखतो.

तोलाची गोष्ट खोटी आहे असं समजू नका. 1824च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोरांस यांनी कबुतरांचे लहान मेंदू थोडे थोडे कापून पाहिले. कबुतरं हलू शकत होती, पण धड चालता-उडता येईना. पुढे पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेले सैनिक ब्रिटिश डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी बारकाईने तपासले. त्यांच्या नोंदींतला एक रुग्ण मला फार आवडतो. त्याच्या लहान मेंदूच्या उजव्या बाजूला इजा होती. त्याचं म्हणणं साधारण असं: डावा हात आपोआप चालतो, उजव्या हाताची मात्र प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. लहान मेंदू काय करतो हे इतक्या नेमकेपणाने आम्हा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आणि आणखी एक गोष्ट इथेच टिपून ठेवा, ती पुढे लागणार आहे. इजा उजवीकडे होती आणि त्रासही उजव्याच हाताला होता. मोठ्या मेंदूचं उलट असतं: डाव्या बाजूला झटका आला की उजवा हात जातो. म्हणजे उजवा लहान मेंदू आणि डावा मोठा मेंदू एकाच हातासाठी काम करतात. त्यांच्यातल्या तारा मध्यरेषा ओलांडून जातात.

आता आकडे. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मेंदूचं चक्क द्रावण करून, त्यातली पेशीकेंद्रकं मोजून हा आकडा काढला. त्यातल्या सुमारे 6,900 कोटी पेशी एकट्या लहान मेंदूत निघाल्या. वजनाने मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा, आणि पेशी पाचातल्या चार! 2020 मध्ये मार्टिन सेरेनो यांच्या गटाने लहान मेंदूच्या बारीक बारीक चुण्या संगणकावर उलगडल्या, तर त्याचं क्षेत्रफळ मोठ्या मेंदूच्या सालीच्या, म्हणजे वरच्या थराच्या, 78 टक्के भरलं. एवढा पसारा नुसतं सरळ उभं राहण्यासाठी असेल का, हा प्रश्न कुणालाही पडेल.

तो जाहीरपणे विचारला गेला 1986 मध्ये. हेन्रिएटा लायनर, ॲलन लायनर आणि रॉबर्ट डाउ या तिघांनी थेट मांडणी केली की लहान मेंदू बौद्धिक कामातही भाग घेत असावा. त्यावर बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. 1998 मध्ये बोस्टनच्या जेरेमी श्माहमान आणि जॅनेट शर्मन यांनी लहान मेंदूला इजा झालेले रुग्ण तपासून नियोजन, भाषा, भावना आणि अवकाशाचं भान यांतले दोष एकत्र मांडले. त्यातला अवकाशाचं भान हा शब्द आज आपल्या कामाचा.

आता दुसऱ्या पात्राकडे येऊ. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी हिपोकॅम्पस असतो. तो आठवणींचा भाग हे आता वर्तमानपत्रांतूनही सगळ्यांना माहीत झालंय. त्याला लागून एक वळी, म्हणजे मेंदूच्या सालीची घडी, जाते: पॅराहिपोकॅम्पल वळी. हिपोकॅम्पसकडे जाणारी बरीचशी माहिती या वळीतून जाते. तिच्या पुढच्या भागात एन्टोऱ्हायनल क्षेत्र येतं. तिथल्या जाळीपेशींच्या (जागेवर जाळीसारखे ठिपके आखणाऱ्या पेशींच्या) शोधासाठी मोझर दांपत्याला, आणि हिपोकॅम्पसमधल्या स्थानपेशींसाठी (ठरावीक जागी पोचल्यावरच चेतणाऱ्या पेशींसाठी) जॉन ओकीफ यांना, 2014चं नोबेल विभागून मिळालं. वळीचा मागचा भाग मात्र वेगळाच निघाला.

1998 मध्ये रसेल एपस्टाइन आणि नॅन्सी कॅनविशर यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून चित्रं दाखवली: चेहरे, वस्तू, घरं, निसर्गदृश्यं, खोल्या. दृश्य दिसलं की वळीचा मागचा भाग पेटायचा. त्यांना शंका आली, की हा भाग दृश्यातल्या वस्तू तर मोजत नाही? म्हणून त्यांनी सामानाने भरलेल्या खोल्या दाखवल्या आणि मग त्याच खोल्या रिकाम्या करून दाखवल्या. नुसत्या भिंती, जमीन, कोपरे. प्रतिसाद जवळपास तेवढाच! उलट खोली काढून नुसतं सामान पांढऱ्या पार्श्वभूमीवर मांडलं, तर प्रतिसाद गळाला. म्हणजे या भागाला टेबल-खुर्चीशी देणंघेणं नाही; आपण कसल्या जागेत उभे आहोत हे त्याला हवं आहे. ही वळी आणि तिच्या मागचा भाग यांना इजा झालेले काही रुग्ण घर पाहून 'हे घर आहे' म्हणतात, पण कोणाचं ते सांगू शकत नाहीत. नजर उत्तम, आणि ओळखीच्या गल्लीत हरवतात.

तर एकीकडे हालचाल आणि दुसरीकडे जागा. या दोघांचं संधान कसं कळलं? इथे स्कॅनचा भाग येतो, आणि इथेच मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण माझा निम्मा जन्म स्कॅन वाचण्यात गेलाय.

1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवलं की रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायू किती आहे त्यानुसार एमआरआयचा संकेत बदलतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे ताजं रक्त गरजेपेक्षा जास्त येतं आणि संकेत किंचित वाढतो. किंचित म्हणजे एक-दोन टक्के, तोही पाच-सहा सेकंद उशिरा. मासिकांत छापून येणारे लाल-पिवळे ठिपके म्हणजे विचारांचे फोटो नव्हेत. तो रक्तपुरवठ्याचा हिशेब आहे. 1995 मध्ये भारतीय वंशाचे भरत बिस्वाल, तेव्हा अमेरिकेत विद्यार्थी, यांनी एक विचित्र गोष्ट दाखवली. माणूस काहीही न करता पडून असला तरी डाव्या-उजव्या हाताला चालवणाऱ्या भागांतले संकेत बरोबरीने वर-खाली होतात. त्यांतून एक आख्खी शाखा उभी राहिली. दोन भाग लयीत चालत असतील, तर त्यांच्यात नातं असावं, हा तिचा पाया.

2011 मध्ये रँडी बकनर यांच्या गटाने 1,000 लोकांच्या स्कॅनवरून लहान मेंदूचा असा नकाशा काढला. त्याचा बराच मोठा भाग हातापायांशी नव्हे, तर विचार आणि आठवणींच्या जाळ्यांशी लयीत चालत होता.

इथे कुणी डोळस श्रोता मला थांबवेल, आणि थांबवायलाच हवं. पॅराहिपोकॅम्पल वळी कुठे असते? मोठ्या मेंदूच्या अगदी तळाशी. लहान मेंदू कुठे? बरोबर त्याखाली, मागे. मध्ये टेंटोरियम नावाचा पडदा. काही ठिकाणी वरची वळी आणि खालच्या चुण्या यांत अंतर मिलिमीटरांचं. आणि स्कॅनचा एक ठोकळा, म्हणजे व्हॉक्सेल, असतो दोन-तीन मिलिमीटरचा. वर संशोधक चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून शेजारच्या ठोकळ्यांची सरासरी काढतात. आपल्या जुन्या इमारतींत वरच्या मजल्यावरची मालिका खालच्या घरात ऐकू येते, म्हणून खालचेही तीच मालिका बघतायत असं म्हणता येत नाही. स्लॅब पातळ आहे एवढाच त्याचा अर्थ. लहान मेंदू आणि या वळीच्या नात्यावरचा कुठलाही शोधनिबंध हाती आला की मी आधी हे बघतो, की त्यांनी स्लॅबचा विचार केलाय का. कित्येकांनी केलेला नसतो, हे मी स्पष्ट सांगतो. शिवाय बऱ्याच जुन्या अभ्यासांत स्कॅनची चौकट इतकी वर धरलेली असायची की लहान मेंदूचा खालचा भाग चित्रातच नसे. ज्याला फोटोतच घेतलं नाही, त्याच्याबद्दल 'काही दिसलं नाही' असं लिहून मोकळे!

बकनर यांनी हा विचार केला होता. लहान मेंदूला टेकलेल्या मोठ्या मेंदूच्या भागाचा संकेत त्यांनी गणिताने आधी वजा केला. त्यानंतर गंमत अशी झाली, की शेजारच्या प्राथमिक दृष्टिक्षेत्राशी ठळक जोडणी उरली नाही, आणि लांबच्या, कपाळामागच्या भागांशी असलेली मात्र टिकली. दुसरी खूण मघाशी टिपून ठेवायला सांगितली तीच. गळती होत असेल, तर डावी वळी डाव्याच लहान मेंदूशी जुळलेली दिसेल, कारण शेजार तोच. खरी तार असेल, तर ती मध्यरेषा ओलांडेल. उजव्या चुणीचं डाव्या वळीशी जुळतं असं दिसलं, की मी खुर्चीत जरा पुढे सरकून वाचायला लागतो.

तरीही लय म्हणजे तार नव्हे. तार पाहायची तर मेंदू उघडावा लागतो, आणि ते काम प्राण्यांवर झालं. श्माहमान यांनी दीपक पंड्या या भारतीय वंशाच्या शरीररचनातज्ज्ञांबरोबर माकडांच्या मेंदूसालीत किरणोत्सारी अमिनो आम्लं टोचली आणि ती कुठवर वाहत जातात ते पाहिलं. मोठ्या मेंदूकडून लहान मेंदूकडे जाणारी वाट पॉन्स या मेंदूदेठातल्या भागातून जाते. 1993 मध्ये त्यांनी मांडलं की पॅराहिपोकॅम्पल वळीच्या मागच्या भागातून पॉन्सकडे धागे जातात. त्याहून बोलकं म्हणजे, वस्तू 'काय आहे' हे ओळखणाऱ्या, खालच्या कानशिलाच्या भागातून तसे धागे त्यांना सापडले नाहीत. 'कुठे' याची बातमी लहान मेंदूकडे जाते, 'काय' याची जात नाही. मला विचाराल तर या साऱ्या विषयातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच, आणि त्यात स्कॅनर कुठेच नाही.

उलट दिशेची तार शोधायला पीटर स्ट्रिक यांच्यासारख्या संशोधकांनी चक्क रेबीजचा विषाणू वापरला. तो एका चेतापेशीतून मागच्या पेशीत, तिथून आणखी मागच्या पेशीत उलटा चढत जातो. कुत्रा चावल्यावर ज्या गुणामुळे तो जीव घेतो, तोच गुण इथे तारा मोजायला कामी आला. 2019 मध्ये उंदरांच्या हिपोकॅम्पसमध्ये तो टोचला, तेव्हा लहान मेंदूच्या ठरावीक भागांत पोचलेला सापडला. थेट तार नाही, मध्ये काही थांबे आहेत, पण वाट आहे.

मग ती वाट करते काय? 2011 मध्ये पॅरिसमधल्या एका गटाने लहान मेंदूतल्या पुरकिंजे पेशींवरच्या (तिथल्या मोठ्या, मुख्य चेतापेशींवरच्या) जोडांची शिकण्याची क्षमता जनुकीय बदलाने अडवलेले उंदीर घेतले. ते चालत नीट होते, तोल शाबूत. उजेडात त्यांच्या हिपोकॅम्पसमधल्या स्थानपेशी बऱ्यापैकी वागत होत्या. दिवा बंद केला, आणि उंदराला स्वतःच्या पावलांच्या हिशेबावरच जागा ओळखायची वेळ आली, तशा त्या पेशी गडबडल्या. खुणा दिसत नसताना ठरलेल्या जागी पोचणंही त्या उंदरांना जड गेलं. मी किती वळलो, किती पुढे आलो, हा हिशेब लहान मेंदू पुरवतो आणि नकाशा दुसरीकडे बनतो, असा त्याचा अर्थ लावता येतो. वीज गेल्यावर आपण स्वयंपाकघरातून मेणबत्तीपर्यंत पोचतो ते बहुधा याच जोरावर.

माणसांवर याच्या जवळ जाणारं काम 2015 मध्ये किंगा इग्लोई आणि सहकाऱ्यांनी छापलं. आभासी भूलभुलैयात लोकांना वाट काढायला लावली. खुणांवरून जागा धरून जाणाऱ्यांत लहान मेंदूच्या डाव्या क्रुस वन भागाबरोबर उजवा हिपोकॅम्पस कामात दिसला. 'आधी डावीकडे, मग उजवीकडे' असं वळणं लक्षात ठेवून जाणाऱ्यांत उजवा क्रुस वन आणि डावा हिपोकॅम्पस. दोन्हीकडे मध्यरेषा ओलांडलेली! अर्थात हे हिपोकॅम्पसबद्दल आहे, वळीबद्दल नाही. वर्तमानपत्रं हा फरक गिळून टाकतात, तुम्ही टाकू नका.

शेवटी पेशंटचं काय, हे कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. कानशिलातली एपिलेप्सी बऱ्याचदा हिपोकॅम्पस आणि त्याच्या आसपासच्या भागातून उठते, आणि अनेकांची औषधांनी आटोक्यात येत नाही. 1970च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अर्व्हिंग कूपर यांनी अशा आजारांत लहान मेंदूवर विजेचे संच बसवले. सुरुवातीला फार गाजावाजा झाला. पुढे तुलना करून घेतलेल्या छोट्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही आणि ते मागे पडलं. 2014 मध्ये एस्थर क्रुक-मॅग्नुसन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर ते वेगळ्या तऱ्हेने करून पाहिलं. एपिलेप्सीचा झटका, म्हणजे फिट, सुरू होताच संगणकाने तो ओळखायचा आणि लहान मेंदूतल्या निवडक पेशी प्रकाशाने चेतवायच्या. बाजूच्या भागावर प्रकाश टाकला तर चालू झटका आखूड झाला. मध्यभागावर टाकला तर तो आखूड झालाच, शिवाय पुढचा झटकाही लांबला. कूपर यांच्या काळात कुठे आणि नेमक्या कोणत्या क्षणी हात लावायचा हे ठरवण्याची सोयच नव्हती. माणसासाठी हा उपचार आज उपलब्ध नाही; कुणी जाहिरात करत असेल तर पैसे देऊ नका. आणि एमआरआयच्या रिपोर्टात तुमच्या लहान मेंदूबद्दल एकच ओळ असेल, तर घाबरू नका. आम्ही बहुतेक वेळा एवढंच लिहितो.