आरशातला पंखा आणि वाशीचा कोबाल्ट

[दृश्य: सकाळ. वाशीचा खाडीपूल, लोकलच्या दारातून.]

वाशीहून मानखुर्दकडे निघालेली गाडी खाडीवर आली की डाव्या हाताला एक डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याचं गाव तुर्भे. आणि मागे जे घाऊक मार्केट सोडून आलो, तेही तुर्भेच. अल्याड तुर्भे, पल्याड तुर्भे. पल्याडच्याचं इंग्रजांनी ट्रॉम्बे केलं, म्हणून पत्ते चुकत नाहीत एवढंच. मध्ये खाडीचा आरसा धरल्यासारखं आहे हे.

पल्याडच्या तुर्भ्यात 4 ऑगस्ट 1956 रोजी ‘अप्सरा’ ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग या दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञांनी एक बाळबोध वाटणारा प्रश्न छापला. निसर्गाला डावं-उजवं कळतं का? कुठलीही घटना आरशात बघितली, तर आरशातली घटना प्रत्यक्षातही घडू शकते, असं तोवर सगळे धरून चालले होते. तपासलं मात्र सगळीकडे नव्हतं. अणूच्या केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या क्रियेत तर कुणीच नाही.

[दृश्य: मसाला मार्केट. गोण्या, हमाल, नाकाला रुमाल बांधलेला माणूस.]

मिरचीचा खकाणा नाकात गेला की समजावं, मसाला मार्केट आलं. इथून थोड्याच अंतरावर वाशीचं विकिरण संयंत्र आहे, 2000 सालापासूनचं. मसाल्यातले जंतू आणि किडे मारायला तिथे गॅमा किरणं वापरतात. मसाला त्यानं किरणोत्सारी होत नाही; हे सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर मिसळ खाताना कुणीतरी विचारतंच. किरणं येतात ती कोबाल्ट-60 मधून. पोलादी नळ्यांत बंद केलेला हा कोबाल्ट. त्या नळ्यांना पेन्सिल म्हणतात. आणि ली-यांग यांच्या प्रश्नाचं उत्तर ज्या पदार्थानं दिलं, तो हाच.

[दृश्य: मार्केटजवळचं केशकर्तनालय. छताचा पंखा आणि समोरच्या आरशातला पंखा, एकाच चौकटीत.]

खुर्चीत बसलात की आरशातल्या पंख्याकडे बघा. डोक्यावरचा डावीकडून फिरत असेल, तर आरशातला उजवीकडून. वारा मात्र दोन्हीकडे खालीच येतोय. यात बिघडलं काही नाही. उलट्या पिळाची पाती बसवली की आरशातल्यासारखा पंखा कुठलाही मिस्त्री करून देईल. म्हणजे आरशातला पंखा शक्य कोटीतला आहे.

कोबाल्टच्या केंद्रकाला पाती नाहीत. ते स्वतःभोवती फिरतं, मोडताना एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकतं, आणि त्याचं निकेल होतं. आरशातलंही शक्य असेल, तर फिरकीच्या अक्षाच्या वरच्या टोकाकडे जितके इलेक्ट्रॉन जातील तितकेच खालच्या टोकाकडे गेले पाहिजेत. एका बाजूला जास्त गेले तर आरशातलं केंद्रक उलटं फिरताना दिसेल, इलेक्ट्रॉन मात्र त्याच बाजूला जाताना दिसतील, आणि असं केंद्रक जगात कुठे नसेल. कुठला मिस्त्री ते करून देणार?

चिएन-शिउंग वू या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी हे बघायचं ठरवलं. नवऱ्याबरोबर बोटीनं पूर्वेकडे जायचा बेत ठरला होता. नवरा एकटा गेला, बाई प्रयोगशाळेत राहिल्या. प्रयोग झाला वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये. खरी अडचण होती ती केंद्रकांना एका दिशेला उभं करण्याची. एरवी ती जत्रेतल्या माणसांसारखी असतात, तोंडं दाही दिशांना. ती वळवायला चुंबक लावला, आणि उष्णतेची हालचाल थांबवायला कोबाल्ट निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे सगळ्यात कमी शक्य तापमानाच्या, वर एका अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत थंड केला. केंद्रकं एका रांगेत आली की नाही हे कळत होतं गॅमा किरणांवरून. वाशीत मिरचीतले जंतू मारणारी हीच किरणं, तिथे साक्षीदार म्हणून उभी होती. हाताशी वेळ मोजून काही मिनिटं. नमुना तापला की रांग मोडलीच.

फिरकीच्या दिशेनं कमी इलेक्ट्रॉन गेले, विरुद्ध दिशेनं जास्त. चुंबकाची दिशा उलटवली, आकडेही उलटले. 15 जानेवारी 1957 ला पत्रकारांना बोलावून हे जाहीर झालं. देव असा डावखुरा असेल हे भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांच्या पचनी पडेना. उलट बाजूनं पैज लावायला ते तयार होते. त्याच वर्षी नोबेल मिळालं ते ली आणि यांग यांना. वू यांना नाही. मला हे आजही खटकतं.

[दृश्य: काळा पडदा. किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर गणकाची टकटक.]

ऐका. एक टक म्हणजे एक मापन. ती कधी वाजेल हे सांगता येत नाही. क्वांटम यांत्रिकी, म्हणजे अणू आणि त्याहून लहान कणांचं शास्त्र, फक्त शक्यता देते. कोबाल्टचं केंद्रक म्हातारंही होत नाही; वीस वर्षं टिकलेलं आणि काल तयार झालेलं, दोघांची आज मोडण्याची शक्यता सारखीच. साधारण सव्वापाच वर्षांत ढिगातले निम्मे मोडतात, हा हिशेब ढिगाचा. वू यांच्या प्रयोगातला एखादाच इलेक्ट्रॉन धरून ‘बाबा रे, डावं की उजवं?’ असं विचारलं असतं, तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. नियम मोजणीत होता. या विषयातली मला सगळ्यात नवलाची वाटते ती ही गोष्ट.

डावं-उजवं आणि मापन, ही दोन्ही टोकं एका माणसानं हाताळली. केरळचे ई. सी. जी. सुदर्शन 1952 ते 1955 मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. नंतर अमेरिकेत रॉबर्ट मार्शाक यांच्याबरोबर, 1957 मध्ये, त्यांनी डाव्या-उजव्यातला हा भेदभाव नेमका कोणत्या सूत्रानं चालतो ते मांडलं. चार प्रयोगांचे निष्कर्ष या सूत्राच्या विरोधात होते. ते प्रयोगच चुकले असतील, असं दोघांनी सांगून टाकलं. पुन्हा केले, खरोखरच चुकलेले निघाले.

[दृश्य: स्वयंपाकघर. गॅसवर दुधाचं पातेलं.]

वीस वर्षांनी, 1977 मध्ये, याच सुदर्शन यांनी बैद्यनाथ मिश्र यांच्याबरोबर मापनाला हात घातला. दुधावर नजर ठेवायला आपल्याकडे घरातलं कुणीतरी उभं करतात. नजर आहे तोवर दूध शहाण्यासारखं असतं. दाराची बेल वाजली की उतू. दुधाचं हे निव्वळ नशीब. क्वांटम कणाच्या बाबतीत मात्र त्याला गणित आहे.

कणाच्या बदलाची शक्यता सुरुवातीला वेळेच्या वर्गानं वाढते. ठरावीक वेळात ती शंभरात चार असेल, तर अर्ध्या वेळात दोन नसते, एक असते. आता अर्ध्यावर थांबून मोजलं. कण बहुधा जागच्या जागी सापडतो, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. पुढच्या अर्ध्यात आणखी एक. चाराच्या जागी दोन झाले. जितक्या वेळा मोजाल, तितका बदल अडत जाईल. ग्रीक तत्त्ववेत्ता झेनो म्हणायचा, उडता बाण प्रत्येक क्षणी स्थिरच असतो. म्हणून या परिणामाला त्याचं नाव दिलं.

1990 मध्ये अमेरिकेत बोल्डरला वेन इटानो, डेव्हिड वाइनलँड आणि सहकाऱ्यांनी बेरिलियमचे सुमारे 5000 आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सापळ्यात धरून हे करून बघितलं. रेडिओलहरींनी ते 256 मिलिसेकंदांत एका पातळीवरून दुसरीवर जातात. तेवढ्यात 64 वेळा लेसरचा झोत टाकला, तर शंभरातले पाचही गेले नाहीत. डोळे लावून कुणी बसलं नव्हतं बरं का. उजेड पडला, तेवढं मापन पुरलं. आणि ती संस्था कोणती? वू यांच्या प्रयोगाचीच, नाव बदललेली.

मग कोबाल्टवर सतत नजर ठेवून त्याला मोडण्यापासून थांबवता येईल? नाही. केंद्रकाच्या मोडण्यात वर्गाच्या चालीचा तो काळ इतका अतोनात छोटा असतो की कुठलाही गणक त्याच्या आत शिरू शकत नाही.

1964 साल या गोष्टीत घाईनंच ओलांडतो. आरशाबरोबर कण आणि प्रतिकण (कणाचा उलट विद्युतभाराचा वगैरे जुळा) यांचीही अदलाबदल केली तर हिशेब जुळेल, या आशेला जेम्स क्रोनिन आणि व्हॅल फिच यांनी त्या वर्षी तडा दिला. केऑन कणांच्या हजारात दोनेक घटना चुकीच्या निघाल्या. त्याच वर्षी याकिर आहारोनोव्ह आणि दोन सहकाऱ्यांनी दाखवलं की मापन काळाला एकाच दिशेनं ढकलतं असं वाटतं खरं, पण आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही मापनं पक्की धरली, तर मधल्या मापनाच्या शक्यतांचं सूत्र पुढून-मागून सारखंच येतं. मला हे पहिल्यांदा वाचून पटलं नव्हतं. कागद घेऊन मांडलं, तेव्हा पटलं.

[दृश्य: संध्याकाळ. मार्केटची शटर खाली येताहेत. केशकर्तनालयाचा पंखा बंद होतो, आरशातलाही.]

काम नसलं की संयंत्रातल्या पेन्सिली खोल पाण्याच्या हौदात उतरवून ठेवतात. पाण्यात त्यांच्याभोवती निळसर उजेड असतो. तिथे कोबाल्ट थंड केलेला नाही, चुंबकही नाही, केंद्रकांची तोंडं दाही दिशांना. प्रत्येक केंद्रक आपल्या फिरकीच्या विरुद्ध बाजूला जास्त करून इलेक्ट्रॉन टाकतंच आहे. पण रांग नाही, त्यामुळे बेरीज सगळीकडे सारखी येते. इलेक्ट्रॉन नळीच्या पोलादातच अडतात, गॅमा बाहेर पडतात, आणि सकाळी मिरचीची पहिली गोणी आत जाते.