खर्जातला मासा

[काळा पडदा. फक्त आवाज.]

हा व्हिडिओ फोनच्या स्पीकरवर बघताय? बघा, हरकत नाही. एरवी बेस गिटारबद्दल बोलायचं म्हटलं की आधी विनवावं लागतं, इअरफोन लावा हो, नाहीतर काही ऐकू यायचं नाही. फोनच्या त्या एवढ्याशा स्पीकरला खर्ज झेपत नाही. पण आज ज्या माणसाची गोष्ट आहे, त्या ख्रिस स्क्वायरचा बेस त्या स्पीकरमधूनसुद्धा ऐकू येतो. कसा, ते पुढे येईलच.

एक अडचण आधीच सांगून टाकतो. त्याचं एकही गाणं इथे वाजवता येणार नाही. दहा सेकंद वाजवलं तरी हक्कवाले व्हिडिओ उतरवतील. म्हणजे लग्नाचं आमंत्रण द्यायचं आणि पंगतच नाही, असा हा प्रकार. तेव्हा भूक इथे लावून घ्या, जेवण घरी.

[अंधारं सभागृह. रंगमंचाच्या मधोमध प्रकाशाचा एक गोल.]

7 ऑगस्ट 2015. अमेरिकेतलं कनेक्टिकट राज्य. फॉक्सवुड्स नावाच्या कसिनोच्या सभागृहात 'येस' या इंग्लिश बँडचा कार्यक्रम आहे. लोक जागेवर बसलेत. दिवे मंदावतात. पण मंचावर कोणीच येत नाही. एका स्टँडवर मलईच्या रंगाची रिकनबॅकर बेस गिटार उभी आहे आणि तिच्यावर झोत सोडलाय. स्पीकरमधून 1978 चं एक संथ गाणं सुरू होतं, 'ऑनवर्ड'. मागच्या पडद्यावर एका उंच माणसाचे फोटो येत राहतात. तरुणपणचे, लांब केसांचे, मग पोट सुटलेले, पांढरे झालेले. गाणं त्यानेच बांधलेलं. त्यात वाजणारा बेसही त्याचाच. गिटार गप्प उभी, आणि वादन हवेत.

'येस'च्या 47 वर्षांत हा पहिला कार्यक्रम होता, ज्यात ख्रिस स्क्वायर नव्हता.

तो गेल्याची बातमी येऊन सहा आठवडेही झाले नव्हते. 19 मे 2015 ला बँडने जाहीर केलं होतं की ख्रिसला रक्ताचा कर्करोग झालाय, अक्यूट एरिथ्रॉइड ल्युकेमिया, दुर्मिळ प्रकार. उन्हाळी दौऱ्याला तो येणार नाही, उपचार घेतोय. चाहत्यांनी हिशेब मांडला: हा दौरा चुकला, पुढच्याला येईल. 27 जूनला ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात तो गेला. वय 67. जाहीर झाल्यापासून चाळीस दिवसही मिळाले नाहीत.

दौऱ्याची तिकिटं तोवर लोकांच्या हातात होती.

[जुनी छायाचित्रं: लंडनचं उपनगर, चर्च, वाद्यांचं दुकान.]

हा मुलगा 4 मार्च 1948 ला वायव्य लंडनमधल्या किंग्जबरीत जन्मला. त्याचं संगीताचं शिक्षण रॉकच्या क्लबात नाही, चर्चमध्ये झालं. सेंट अँड्र्यूज चर्चच्या गायकवृंदात तो गायचा. तिथे शिकवणारे बॅरी रोज हे साधे मास्तर नव्हते. पुढे ते लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये गेले, आणि 1981 साली चार्ल्स-डायानाच्या लग्नात गायलेला वृंद त्यांच्याच हाताखालचा. अशा गुरूकडे लहानपणी गायलं की एक गोष्ट कानात कायमची बसते: खालचा आवाज म्हणजे वरच्या आवाजाचा हमाल नव्हे. चार आवाज एकाच वेळी चार वेगळ्या चाली गातात, आणि त्या एकमेकींना छेदत, सावरत जातात. आपल्याकडे एक सूर लावला की तो निगुतीने वाढवतात. तिथे एकाच वेळी चार. आपला कान आधी गोंधळतो, पण एकदा धागा सापडला की सुटत नाही.

केसांवरून शाळेत वाजलं. केस कापून ये म्हणून पैसे हातावर ठेवून त्याला घरी पाठवलं. त्याने केस कापले नाहीत आणि शाळेतही परतला नाही. मग रीजंट स्ट्रीटवरच्या बूझी अँड हॉक्स या वाद्यांच्या दुकानात नोकरीला लागला. तिथे नोकरांना सवलत होती. त्या सवलतीत, 1965 साली, त्याने एक रिकनबॅकर घेतली. नवी गिटार घेतली, काही वर्षांनी दुसरी घेतली, असं पुष्कळांचं होतं. याने जन्मभर मुख्यतः तीच एक वाजवली. हिप्पी काळात तिच्यावर फुलाफुलांचा कागद चिकटवला, रंग फासले, पुन्हा खरवडले. इतक्यांदा खरवडली की लाकूडच पातळ झालं. तिच्या आवाजात जे काही आहे त्यात त्या झिजलेल्या लाकडाचा वाटा आहे, असं जाणकार मानतात.

[गिटारचा क्लोज-अप: तारा, त्यांच्याखालचे दोन पिकअप.]

इथे जरा थांबू, कारण फोनच्या स्पीकरचं कोडं इथे सुटतं.

बेस गिटारला तारांखाली चुंबकाचे पिकअप असतात, तारेची थरथर विजेत बदलणारे. या गिटारला दोन आहेत. एक मानेजवळ, तो जाड, गोल आवाज उचलतो. दुसरा घोडीजवळ, तो धारदार, खणखणीत. बहुतेक बेसवाले दोन्ही मिसळून एकाच ॲम्प्लिफायरला देतात. स्क्वायरने दोन वायरी वेगळ्या काढल्या. जाड आवाज बेसच्या ॲम्प्लिफायरला, आणि धारदार आवाज थेट लीड गिटारच्या ॲम्प्लिफायरला, तोही असा चढवून की तो फाटायला लागतो. वर तारा नव्याकोऱ्या, खरखरीत, गुंडाळीच्या. बोटांऐवजी पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी. आणि पिकचा फटका बसतो न बसतो तोच अंगठ्याची कड तारेला निसटती लागते, त्यामुळे प्रत्येक सुराच्या टोकाला एक ठिणगी उडते.

म्हणजे एकाच माणसाच्या हातून दोन वाद्यं वाजतात. खाली खर्ज, वर धार. फोनचा स्पीकर खर्ज गिळून टाकतो, धार गिळू शकत नाही. त्यामुळे मंद्र सप्तकातली ती चाल फोनवरही तुम्हाला अख्खी कळते.

बेस वाजत असतो तोवर कोणाला कळत नाही, थांबला की गाणं पोकळ वाटतं, असं म्हणतात. बहुतेक बेसवाल्यांच्या नशिबी हेच. स्क्वायरचं तसं नव्हतं. 'येस'चा पहिला ड्रमवादक बिल ब्रुफर्ड याने तो गेल्यावर लिहिलं त्याचा आशय असा, की त्याच्या बेसच्या ओळी अशा असायच्या की कार्यक्रमाहून घरी जाताना वरच्या चालीइतक्याच सहज त्या गुणगुणाव्यात. ते खरंच आहे. 'राउंडअबाउट' कोणाला आठवायला सांगा. शब्दांच्या आधी तोंडातून बेस येतो. डुग-डुग-डुगुडुग.

[सोहो, लंडन. वॉर्डर स्ट्रीट.]

1968. सोहोत मार्की क्लबपासून चार पावलांवर ला शास नावाचा छोटा बार होता. तिथे काम करणारा गायक जॉन अँडरसन आणि हा उंच, अबोल बेसवाला यांची गाठ पडली. बोलणं निघालं ते गाण्यातल्या सुरावटींचं, सायमन आणि गारफंकेलचं. त्यातून बँड झाला.

पुढचं सगळं सांगायला बसलो तर रात्र पुरणार नाही. 1971 मध्ये एकाच वर्षात दोन अल्बम. 1972 ला 'क्लोज टू द एज', रेकॉर्डच्या एका बाजूला 18 मिनिटांचं एकच गाणं. 1973 ला चार बाजूंना चार गाणी, जे ऐकताना मलाही मधे चहा लागतो, खोटं कशाला बोलू. जानेवारी 1984 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट', ज्याने जुने चाहते चिडले आणि नवे मिळाले.

या सगळ्यात माणसं येत-जात राहिली. गायक गेला, आला, पुन्हा गेला. कीबोर्डवाले किती झाले याची मोजणी हा चाहत्यांचा आवडता खेळ. आपल्या राजकीय पक्षांतही एवढी ये-जा नसेल. आणि नाव-चिन्ह कोणाचं हा वाद तर आपल्याला अजिबात नवा नाही: 1989 मध्ये चार जुने सदस्य एकत्र आले, पण 'येस' हे नाव स्क्वायरच्या गटाकडे. शेवटी त्या चौघांनी आपली आडनावंच बँडचं नाव म्हणून लावली. मूळ गायक तिकडे, नाव इकडे.

या ये-जात एक माणूस हलला नाही. स्क्वायर जिवंत होता तोवर निघालेल्या 'येस'च्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर बेस त्याचा आहे. चाहत्यांचं दुःख समजून घ्यायचं तर ही एक गोष्ट पुरे. घरातली माणसं भांडून वेगळी राहिली तरी गावचं घर असतं ना, दिवाळीला जायला. ते घर म्हणजे हा माणूस होता.

[मासा. खूप छोटा, जवळजवळ पारदर्शक.]

त्याला सगळे 'फिश' म्हणायचे. रास मीन, हे एक कारण. दुसरं ब्रुफर्ड सांगायचा: एका घरात राहताना हा माणूस न्हाणीघरात शिरला की तासन् तास बाहेर येत नसे. उशीर हा त्याचा स्थायीभाव. बस थांबलेली, विमान थांबलेलं, साहेब आंघोळीला.

1971 च्या 'फ्रॅजाइल' अल्बममध्ये प्रत्येकाने आपापला एक तुकडा करायचा ठरलं. स्क्वायरने एकावर एक बेसचे थर चढवले. ठेका सात मात्रांचा, आपल्या रूपकाइतका, पण चालीने अगदी वेगळा. मग वर गायला आठ अक्षरी माशाचं नाव हवं झालं. शोधाशोध झाली आणि सापडलं: शिंडलेरिया प्रीमॅच्युरस. जगातल्या सर्वांत चिमुकल्या माशांच्या कुळातलं नाव, सहा फुटांहून उंच माणसाच्या वाट्याला. 1975 ला त्याने स्वतःचा एकट्याचा अल्बम काढला, नाव 'फिश आउट ऑफ वॉटर'. त्यात चर्चचा ऑर्गन वाजवायला कोण आलं? बॅरी रोज. ऑर्गनही सेंट पॉल्समधलाच. म्हणजे गुरू ऑर्गनवर, शिष्य फाटक्या आवाजाच्या बेसवर, आणि दोघंही आपापल्या जागी चोख.

[आजचे तरुण, खोलीत गिटार वाजवताना. चेहरे दिसत नाहीत.]

शोक करणाऱ्यांत साठीचे लोक होते हे ओघाने आलं. पण विशीतलेही होते. 2012 मध्ये 'जोजोज बिझार ॲडव्हेंचर' या जपानी ॲनिमेच्या भागांच्या शेवटी 'राउंडअबाउट' लागायला लागलं. कार्टून बघायला बसलेल्या पोरांच्या कानावर 1971 चं गाणं पडलं, आणि त्यातल्या काहींनी हा बेस कोणाचा म्हणून शोध घेतला. सापडला, तोवर तीन वर्षांत तो गेला.

बेसवाल्याचा शोक बेसवाले कसा करतात? ओळ वाजवून. ती बसेपर्यंत हळू, मग मूळ लयीत. अंगठ्याची ती निसटती कड मात्र लवकर जमत नाही. तारेला जास्त लागली तर सूर मरतो, कमी लागली तर ठिणगी उडत नाही. बोटाला भोवरी येते. दुःख हाताला लागतं, ते असं.

आणि मग भांडणं. ती झाल्याशिवाय कुटुंब कसलं? स्क्वायरशिवाय 'येस' हे नाव लावायचंच नाही, असं एक मत. दुसरं मत असं की त्यानेच आजारपणात आपल्या जागी बिली शेरवूडला उभं केलं आणि बँड चालू ठेवायला सांगितलं, मग तुम्ही-आम्ही कोण? शेरवूड त्याचा अनेक वर्षांचा सहकारी, त्या वादनाची खाचखोच जाणणारा. तरी त्याच्या जागी उभं राहणं म्हणजे कोणाच्या तरी चपलेत पाय घालणं. 2017 मध्ये तर एकाच वेळी दोन 'येस' दौऱ्यावर होते. घर गेल्यावर अंगणाच्या वाटण्या.

त्या काळात या पिढीला सावरायला उसंतही मिळाली नाही. डिसेंबर 2016 मध्ये ग्रेग लेक गेला, 31 जानेवारी 2017 ला जॉन वेटन. दोघंही किंग क्रिमसन या बँडमध्ये बेस वाजवून गायलेले. वेटनचंही वय 67 च.

[ब्रुकलिनचं सभागृह. 7 एप्रिल 2017.]

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने 'येस'ला घेतलं ते या दिवशी. पात्र ठरून वीस वर्षांहून जास्त झाली होती. स्क्वायरला जाऊन दोन वर्षं होत आली होती. हा राग चाहत्यांच्या मनात अजून आहे, आणि मला तो रास्त वाटतो. सरकारी पेन्शनची फाइल माणूस गेल्यावर मंजूर व्हावी, तसं हे.

पण त्या रात्री मंचावर जे झालं ते बघण्यासारखं होतं. 'राउंडअबाउट'ला बेस धरला रश या बँडच्या गेडी ली याने, जो पोरवयात स्क्वायर ऐकून वाढला. मग 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट'. मूळ ध्वनिमुद्रणात गिटारवादक स्टीव्ह हाउ नव्हता, तो तेव्हा बँडबाहेर होता. या रात्री मात्र त्याने आपली गिटार बाजूला ठेवली आणि बेस गळ्यात अडकवला. 1970 पासून ज्याच्या शेजारी उभं राहून तो वाजवत आला, त्याची ओळ त्याने वाजवली. फार सफाईने नाही. खाली मान घालून, नीट.

[पुन्हा काळा पडदा.]

व्हिडिओ संपला की 'क्लोज टू द एज' लावा. सहाव्या मिनिटाच्या आसपास बेसचे फाटलेले, तुटक फटके येतात. आणखी दोन मिनिटांनी तोच बेस पितळी ट्यूबासारखा फुगतो. या दोन जागा ब्रुफर्डने आपल्या मित्राला निरोप देताना सांगितल्या होत्या.

फोनच्या स्पीकरवर ऐकलंत तरी चालेल.