कोय लावली तर हापूस येतो का?

मंडळी, मघाशी चहा घेताना एका गृहस्थांनी विचारलं, "हापूसची कोय रुजवली तर हापूस येतो का हो?" येत नाही. आंब्याचं झाड येतं, फळ धरतं, नशीब असेल तर गोडही निघतं. पण ते हापूस नव्हे. कोकणात त्याला रायवळ म्हणतात.

रायवळात नाव झाडागणिक पडतं. साखरेसारखा गोड तो साखऱ्या, शेपूचा वास मारतो तो शेप्या, गर खोबऱ्यासारखा लागला की खोबऱ्या. शेजारच्या वाडीतला साखऱ्या वेगळाच. हापूसचं तसं नाही. ते मुळात एका झाडाचं नाव. कलमावर कलम बांधत तेच झाड आज लाखो ठिकाणी उभं आहे. गोव्यात पोर्तुगिजांच्या काळात कलमांची विद्या फोफावली, म्हणून तिथल्या आंब्यांची नावंही तिकडची. हापूस आला पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्कवरून. मानकुराद मूळचा 'मालकोरादा', म्हणजे वाईट रंगाचा! आपण त्या शिवीतून 'मान' काढला.

आता रानातलं बघा. परसात आपोआप उगवणारा बोराएवढा टोमॅटो असतो ना, त्याला शास्त्रात 'व्हरायटी सेरासीफॉर्मे' म्हणतात, म्हणजे चेरीच्या आकाराचा. त्याचं बी टाका, पुन्हा साधारण तसाच छोटा टोमॅटो येतो. हे नाव निसर्गात वेगळ्या दिसणाऱ्या एका गटाचं आहे, म्हणून ते लॅटिनमध्ये, तिरप्या अक्षरांत. लागवडीच्या वाणांसाठी 1953 साली वेगळी आंतरराष्ट्रीय नियमावली निघाली. वाणाचं नाव सरळ अक्षरांत, एकेरी अवतरणात. आणि 1959 पासून नव्या वाणाला लॅटिन नाव द्यायचं नाही, चालत्या बोलत्या भाषेतलंच द्यायचं. घोटाळा असा की इंग्रजीत दोन्हींना व्हरायटीच म्हणतात आणि मराठीत दोन्हींना जात. मी आपला रानातल्याला 'प्रकार' आणि शेतातल्याला 'वाण' म्हणतो. शेतकरी तरी तसंच बोलतो.

वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 साली 'रत्ना' दिला. पुढे त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 1992 मध्ये 'सिंधू'. म्हणजे सिंधूचा हापूस हा बापही आणि आजाही. माणसांत हे चालत नाही, आंब्यात चालतं.

भाताला कलम लागत नाही. तो स्वपरागी, म्हणजे आपल्याच परागावर दाणा धरणारा, म्हणून चांगली लोंबी निवडून तिचं बी वर्षानुवर्षं वेगळं राखलं की वाण टिकतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी नेमकं हेच केलं. त्या तांदळाला नाव पडलं एचएमटी, तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून! ना गाव, ना निवडणाऱ्याचं नाव.

उलट डाळिंबाचा 'भगवा' बघा: कुणी त्याला शेंदरी म्हणतं, कुणी अष्टगंधा, कुणी मस्तानी. नर्सरीत तीन नावांनी तीन रोपं घेऊन आलेला माणूस घरी एकच डाळिंब लावतो. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात नावाबद्दल वेगळं कलम आहे ते याचसाठी: नोंदवायचं नाव आधीच्या वाणांहून वेगळं हवं, फसवं नको, नुसते आकडे सहसा चालत नाहीत.

रायवळाची मात्र सहसा कुठे नोंद नसते. आमच्या परड्यातला शेप्या 2021 च्या तौक्ते वादळात उन्मळून पडला. त्याचं कलम कुणी बांधलं नव्हतं. घरात अजून मुलांना सांगतात, "शेप्याखाली खेळू नका, तिथे साप निघतो." तिथे आता केळी आहेत.