नारळ फुटल्यानंतरचा खर्च

मंडळी, आजचा विषय पत्रिकेत 'सार्वजनिक पायाभूत सुविधांत गुंतवणूक वाढावी यासाठी देशव्यापी मोहीम' असा लांबलचक छापला आहे. आपल्या बोलीत तो एका प्रश्नात मावतो: मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणारा पाइप, कोण साफ करणार?

नुसतं 'पैसा वाढवा' म्हणणाऱ्या मोहिमेला आज कोणी विरोध करत नाही. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भांडवली खर्चासाठी ११.२१ लाख कोटी रुपये धरले होते. शिवाय राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज देण्यासाठी दीड लाख कोटी. मेख आहे ती इथेच. हे कर्ज भांडवली कामालाच मिळतं. नवा पूल बांधला की तो भांडवली खर्च. त्याच पुलाखालचा गाळ काढला, पिचिंगचे (माती धुपू नये म्हणून रचलेले) ढासळलेले दगड परत बसवले, की तो महसुली. आणि हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री बहुधा देखभालीच्या अशा खर्चाला लागते. जिल्हा परिषदेत ज्यांची ऊठबस आहे त्यांना ५०५४ आणि ३०५४ ही लेखाशीर्षं (सरकारी हिशोबातली खर्चाची खाती) तोंडपाठ असतात: ५०५४ म्हणजे रस्ते-पुलांचा भांडवली खर्च, ३०५४ म्हणजे महसुली, ज्यात देखभाल-दुरुस्ती येते. गावातून निवेदन जातं ते बहुधा 'नवीन डांबरीकरण करून मिळावे' असं. 'गटार काढून मिळावे' असं निवेदन क्वचितच जातं, कारण त्याचा नारळ फोडता येत नाही.

अमेरिकेत अशी मोहीम बरीच वर्षं चालली आहे, आणि तिच्यातून उचलण्यासारखी एक गोष्ट आहे. तिथल्या स्थापत्य अभियंत्यांची संस्था १९९८ पासून दर काही वर्षांनी देशाच्या रस्ते, पूल, धरणं, पाणीपुरवठ्याला शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी श्रेणी देते. १९९८ मध्ये देशाला मिळाली 'डी'. २०१७ मध्ये 'डी प्लस', २०२१ मध्ये 'सी मायनस', २०२५ मध्ये 'सी'. २०१३ पासून दर मे महिन्यात 'इन्फ्रास्ट्रक्चर वीक' भरू लागला, आणि त्यात कामगार संघटना व व्यापारी मंडळं एका मंचावर बसू लागली. मधल्या काळात तो शब्द तिकडे चेष्टेचाही झाला, कारण घोषणा व्हायच्या आणि कायदा व्हायचा नाही. अखेर १५ नोव्हेंबर २०२१ रोजी सुमारे १.२ लाख कोटी डॉलरच्या कायद्यावर सही झाली. 'डी' कुठल्याही पालकाला कळते, म्हणून प्रगतिपुस्तक चाललं. पण त्या एका अक्षरामागे मोजणी आहे. १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा 'सिल्व्हर ब्रिज' कोसळून ४६ माणसं गेली. मूळ कारण निघालं साखळीच्या एका पट्टीतली बारीक चीर. त्यानंतर पुलांची नियमित तपासणी देशभर सक्तीची झाली, सर्वसाधारणपणे दर चोवीस महिन्यांनी. आधी मोजणी, मग श्रेणी, मग पैशाची मागणी, असा तो क्रम आहे.

आपल्याकडे क्रम उलटा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला आणि त्याच्यासोबत एसटीच्या दोन गाड्या गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण यावरून कळतं की पैसा होता, यंत्रणा होती, वेगही होता. जुन्या पुलाच्या पायाशी पाण्याखाली काय चाललं आहे, हे पावसाआधी खात्रीनं सांगणारी नोंद मात्र नव्हती. पुढे २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर दोष खेकड्यांवर टाकला गेला, हे आपण कोणी विसरलेलो नाही. खेकडा मातीच्या बांधात बीळ करतो, त्यात नवल नाही. ते बीळ बुजवण्यासाठी वर्षाला किती पैसे ठेवले होते, हा खरा प्रश्न.

आता मोरीकडे येऊ.

कोकणातला ग्रामीण रस्ता बहुधा डोंगराच्या कडेनं जातो. एका बाजूला जांभ्याची चढण, दुसऱ्या बाजूला उतार. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटर, काही ठिकाणी त्याहून जास्त. डांबराला वाहतुकीपेक्षा साचलेल्या पाण्याचा त्रास अधिक. म्हणून रस्त्याचा मध्य उंच ठेवतात. पावणेचार मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा पाच-साडेपाच सेंटिमीटर वर हवा. हे तपासायला अभियंता लागत नाही: दोन माणसांनी दोन्ही कडांना सारख्या उंचीच्या विटा ठेवून त्यांवर दोरी ताणायची, आणि मधोमध दोरी ते डांबर हे अंतर पट्टीनं मोजायचं. विटेच्या उंचीपेक्षा ते जेवढं कमी, तेवढा उतार. दोन पावसाळ्यांत साइडपट्टीवर, म्हणजे डांबराच्या कडेच्या मातीच्या पट्टीवर, गवत वाढतं, माती साठते, आणि ती डांबरापेक्षा दोन बोटं वर येते. मग रस्त्यावरचं पाणी गटारात न जाता चाकोरीतून वाहतं. खडी सुटते, खड्डा पडतो, आणि लोक म्हणतात डांबर कमी घातलं. कधी ते खरंही असतं. पण साइडपट्टी खरवडायला एक जेसीबी आणि एक दिवस लागतो, डांबरीकरणाला लाखो रुपये लागतात, याचा हिशोब गावानं मांडायला हवा.

मोरीचा पाइप हा त्याच्या पुढचा मुद्दा. समजा मोरीवर येणारा डोंगरउतार दहा हेक्टरांचा आहे आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस कोसळतोय. त्यातला साठ टक्के वाहून आला तर तासाला तीन हजार घनमीटर, म्हणजे सेकंदाला आठशे लिटरच्या वर पाणी. ६०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपातून सेकंदाला दोन मीटर वेगानं पाणी गेलं तरी साधारण ५६५ लिटरच जातं. उरलेलं रस्त्यावर चढतं, पलीकडचा भराव खातं, आणि एका रात्रीत रस्ता अर्धा होतो. १००० मिलिमीटरचा पाइप त्याच वेगाला दीड हजार लिटरच्या वर नेतो. दुसरी गोष्ट त्याहून साधी: हजाराच्या पाइपात माणूस वाकून शिरतो आणि घमेल्यानं गाळ काढतो, सहाशेच्या पाइपात तो शिरत नाही. म्हणून सहाशेची मोरी एकदा काजूच्या पाल्यानं आणि फांद्यांनी तुंबली की तुंबली. मेअखेर मोरीचं वरचं तोंड आणि खालचं तोंड, दोन्हींचे फोटो काढा. लोक वरचंच तोंड बघतात. बिघाड बहुतेक वेळा खालच्या तोंडाशी सुरू होतो, तिथली माती धुपून पाइपाखाली पोकळी होते.

किनाऱ्यावरच्या गावांत जेटी. भारतीय मानक ४५६ नुसार भरती-ओहोटीच्या पट्ट्यात येणाऱ्या सळईबंद काँक्रीटला किमान एम-४० दर्जा हवा आणि सळईवर ७५ मिलिमीटरचं काँक्रीटचं आवरण हवं. खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात त्या भागाला ५० मिलिमीटर. सळई कडेला सरकली आणि आवरण तीस-पस्तीसवर आलं की क्षार लवकर आत पोचतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, काँक्रीट आतून फुटतं. खांबावर सळईच्या रेषेत तांबूस ओघळ दिसला की समजा. ओहोटीला जाऊन लहान हातोडीनं खांब वाजवा. भरीव काँक्रीट टणटण वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजणाऱ्या जागी खडूनं गोल काढा, गोलाशेजारी तारीख लिहा, फोटो घ्या. मासळीच्या टोपल्या आणि बर्फाचे ट्रक ज्या जेटीवरून जातात तिथे रंगाचा हात मारून ओघळ झाकणं, याला दुरुस्ती म्हणू नये.

खारबंदिस्तीचं, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधांचं, थोडक्यात सांगतो, कारण रायगडवाल्यांना ते माझ्याइतकंच ठाऊक आहे. उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप भरतीच्या दाबानं मिटते, ओहोटीला आतल्या पाण्यानं उघडते. बिजागरी गंजली, ओंडका अडकला, किंवा मासळीसाठी कुणी मध्ये दांडकं घालून ठेवलं, की उधाणाचं पाणी शेतात शिरतं. बांधाला खांड (भगदाड) पडली की भात पुढची काही वर्षं गेलं. आणि खांड तशीच राहिली तर आत तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उगवतात. तिवरं वाढली की दुरुस्तीसाठी कांदळवनाची परवानगी लागते. म्हणजे पंधरा दिवसांचं काम तीन वर्षांचं होतं. इथे वेळ हाच पैसा आहे, तोही अगदी कागदावर दाखवता येणारा.

देखभालीवर खर्च केला की काय होतं, याचं उदाहरण शोधायला आपल्याला जिल्हा सोडावा लागत नाही. कोकण रेल्वेचं महामंडळ १९९० मध्ये झालं, केंद्र आणि चार राज्यांनी भाग घेतले, बाकी बराचसा पैसा रोख्यांतून उभा राहिला, आणि २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला. म्हणजे पैसा कुठून आणायचा हे ठरलं तेव्हा दशकांची मागणी हलली. पण २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ पावसात दरडी-दगडांनी गाड्यांचे मोठे अपघात झाले. मग डोंगर कापून केलेल्या कटिंगचे उतार कमी करणं, जाळ्या बसवणं, पावसाळ्यात गस्त घालणं आणि गाड्यांचा वेग उतरवणं यांवर सातत्यानं खर्च झाला. पावसाळी वेळापत्रकात मुंबईला दोन तास उशिरा पोचणारा चाकरमानी कुरकुरतो. त्याच्या तिकिटावर त्या गस्तीचा उल्लेख नसतो.

तर मोहिमेचं काम काय? प्रत्येक गावाचं प्रगतिपुस्तक. एक वही, गावातल्या प्रत्येक रस्त्याला, मोरीला, साकवाला (ओढ्यावरच्या छोट्या पुलाला), विहिरीला, जेटीला एक पान. पानावर जागा, बांधल्याचं वर्ष, मापं, दोन फोटो आणि शेवटची दुरुस्ती. रस्त्याच्या पानावर सगळ्यात वर त्याचा क्रमांक. ग्रामीण मार्ग असो वा इतर जिल्हा मार्ग, रस्ते विकास योजनेत क्रमांक नसलेला रस्ता सरकारच्या लेखी नाहीच. त्याच्यासाठी दहा निवेदनं देण्याआधी एक ठराव क्रमांकासाठी द्या. कितीतरी वाड्यांचं घोडं इथेच अडलेलं असतं.

मग वेळ. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा साधारण हिवाळ्यात तयार होतो आणि जिल्हा नियोजन समितीपुढे जातो. मार्चमध्ये विधिमंडळात अर्थसंकल्प येतो तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो, ताट वाढून झालेलं असतं. पण आपलं कोकणी वेळापत्रक याला फार सोयीचं आहे. मेअखेरच्या फोटोंनंतर आणखी फोटो जून-जुलैत, पाणी वाहत असताना. गणपतीला मुंबईची माणसं गावात असतात, तेव्हा आरतीनंतर वही वाचून दाखवायची आणि मुंबईच्या मंडळाकडून मंत्रालयात कोण जाणार ते ठरवायचं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांत जी संख्या कमी ती. शंभर माणसं जमवणं अवघड नाही, पण ती सही होईपर्यंत बसवून ठेवणं अवघड, म्हणून रस्त्यांचा विषय पत्रिकेत पहिला घ्या.

ठरावात 'रस्ता दुरुस्त करावा' लिहू नका. सा. क्र. म्हणजे साखळी क्रमांक, रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर; तो धरून 'अमुक क्रमांकाच्या रस्त्यावर सा. क्र. ०/८०० येथील ६०० मिलिमीटरची मोरी काढून १००० मिलिमीटरची टाकावी, खालच्या तोंडाशी दगडी पिचिंग करावे, आणि दरवर्षी मेअखेर सफाईसाठी तरतूद ठेवावी' असं लिहा. सफाईच्या तरतुदीचा हा शेवटचा भाग कोणी लिहीत नाही, तेच मोहिमेचं वाक्य आहे. हजार गावांच्या ठरावांत ते आलं, की देखभालीसाठी वेगळा, न कापता येणारा हिस्सा ठेवा अशी मागणी दिल्लीत करताना हातात आकडा असेल.

काम मंजूर झाल्यावर अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीची) प्रत मागा. माहिती अधिकारात अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, नाहीतर तेवढ्याच कारणानं परत येतो. याच कायद्यात चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर त्यानं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायची मुदत, किती, तो कधी संपतो, ही तारीख वहीत लाल शाईनं लिहा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर पाच वर्षांची देखभाल कंत्राटातच असते. तरी चौथ्या वर्षी खड्डे पडले की गाव नव्या निधीसाठी आमदारांकडे जातं, आणि आधीच ठरलेली दुरुस्ती तशीच राहून जाते.

आणि निवेदन देऊन नुसते परत येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, आणि तो क्रमांक त्या मोरीच्या पानावरच लिहून ठेवा.