मणक्यांचा सीटी स्कॅन: काय दिसतं, काय सुटतं

नमस्कार! "सीटी नॉर्मल आला, तरी पायाला मुंग्या का येतात?" असं विचारणारे पेशंट नेहमी भेटतात. त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

स्कॅनच्या वेळी एक्स-रे ट्यूब शरीराभोवती फिरते, टेबल सरकत जातं आणि समोरचे डिटेक्टर किती किरण आरपार आले ते मोजतात. त्यावरून कॉम्प्युटर प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा देतो. पाण्याचा ०, हवेचा उणे १०००, हाडाच्या टणक कवचाचा शेकड्यांत. याला हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांना सीटीच्या कामासाठी १९७९ साली अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं.

हाडाचा आकडा आसपासच्या मांसल भागापेक्षा खूप वर असतो, म्हणून सीटीत हाड लख्ख दिसतं. मज्जारज्जू आणि त्याभोवतीचं पाणी यांचे आकडे मात्र जवळजवळ असल्यामुळे ते एकमेकांत मिसळून जातात.

अपघातात सीटीला तोड नाही. साध्या एक्स-रेमध्ये मानेचा सातवा मणका बऱ्याचदा खांद्यांआड लपतो. सीटीत तो स्पष्ट दिसतो. मणका फुटून त्याचा तुकडा मागे मज्जारज्जूच्या नळीत घुसलाय का, हेही कळतं.

आता शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट, आणि ही मी कळकळीने सांगते: फक्त आडवे काप पाहून थांबू नका! फ्रॅक्चरची रेघ आडवी असेल, तर ती कापाच्या पातळीतच जाते आणि नजरेतून निसटते. फक्त कमरेवरचा सीटबेल्ट लावलेला असताना जोरात धडक बसली, तर मणका असा आडवा दुभंगू शकतो. बाजूने पाहिलेल्या, म्हणजे सॅजिटल चित्रात तो चटकन सापडतो. समोरून दिसणारं कोरोनल चित्रही पाहा.

सीटीत किरणोत्सर्ग असतो. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर आधीच सांगा. आत स्क्रू-रॉड असतील तर चित्रात पट्टे उमटतात, तेही सांगून ठेवा.

मुंग्यांचं म्हणाल, तर दबलेली नस, मज्जारज्जूची सूज किंवा फाटलेलं लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) एमआरआयमध्ये जास्त नीट कळतं. दोन मणक्यांमधली गादी बरीच सरकली असेल तर सीटीतही दिसते, पण बारकावे एमआरआयमध्येच. पेसमेकरमुळे एमआरआय करता येत नसेल, तर पाठीतून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात चित्रात उठून दिसणारं औषध सोडून सीटी काढता येतो, त्याला सीटी मायलोग्राम म्हणतात.

पण दोन्ही पायांतली ताकद जात असेल, लघवी अडत असेल किंवा बसायची जागा बधिर झाली असेल, तर जुना नॉर्मल रिपोर्ट बाजूला ठेवा आणि लगेच इमर्जन्सी विभाग गाठा.