काय म्हणालास? – टायरच्या आवाजाची गोष्ट

(दृश्य: पहाट. उर्से टोलनाका मागे पडतो. कॅमेरा गाडीच्या आत, मागच्या सीटवर.)

ही गाडी विजेवर चालते. पुण्यातल्या सोसायटीच्या गेटमधून निघाली तेव्हा वॉचमनला पत्ताही लागला नाही. आता एक्सप्रेसवेवर काटा शंभराला टेकलाय आणि मागे बसलेल्या आजी पुढच्या सीटवरच्या नातवाला तिसऱ्यांदा विचारताहेत, "काय म्हणालास?"

आजींचे कान ठीक आहेत. ऐका.

(आठ सेकंद निवेदन नाही.)

या आवाजात तीन आवाज आहेत. पहिला टक-टक, टक-टक. काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण दर साडेचार मीटरला सांधा असतो. शंभरच्या वेगात सेकंदाला असे सहा सांधे चाकाखालून जातात. दुसरा आवाज बारीक, सूं करणारा. पाणी साचू नये आणि पकड मिळावी म्हणून काँक्रीट ओलं असतानाच त्यावर आडव्या खाचा ओढलेल्या असतात. त्या सारख्या अंतरावर असल्या की टायर त्यांच्यावरून फणीवर नख फिरवल्यासारखा वाजत जातो. तिसरा आवाज कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. घुमणारा, डग्ग्यासारखा.

गाडी विजेची आहे म्हणून हे एवढं ऐकू येतंय, पण पेट्रोलच्या गाडीतही चित्र फार वेगळं नसतं. एकसारख्या वेगाने चालणाऱ्या मोटारीत ताशी 40-50 किलोमीटरच्या पुढे इंजिनापेक्षा टायरचा आवाज मोठा होतो. हायवेवर आपण ऐकतो ती मुख्यतः चाकंच.

गंमत अशी, की हवेचा टायर जन्माला आला तोच आवाज कमी करायला. 1845 साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या 23 वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. त्यात त्याने तीन फायदे लिहिले होते. गाडी ओढायला जोर कमी लागेल, प्रवास सुखाचा होईल आणि चालताना चाकांचा आवाज कमी होईल. हवेचा टायर बाजारात आणणारा डनलॉप यायला अजून 40 वर्षांहून जास्त अवकाश होता, मोटार तर नव्हतीच. हे घोडागाड्यांसाठी होतं. बैलगाडीच्या लोखंडी धावेचा फरशीवरचा खडखडाट ज्यांनी ऐकलाय, त्यांना थॉमसनचं दुखणं वेगळं सांगायला नको.

(दृश्य: टायरच्या नक्षीचा जवळून फोटो. बोट एकेक ठोकळ्यावर फिरतं.)

मग हवेचाच टायर का वाजतो? मध्यम गाडीच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर. शंभरच्या वेगात तो सेकंदाला 14 फेऱ्या मारतो. नक्षीचे 70 ठोकळे सारख्याच मापाचे असते, तर सेकंदाला जवळजवळ 1000 थपडा रस्त्यावर पडल्या असत्या आणि त्याची सरळ शिट्टी झाली असती. म्हणून ठोकळे मुद्दाम लहान-मोठे करतात. नीट पाहिलंत तर घरच्या टायरवरही दिसेल. आवाज तेवढाच राहतो, फक्त एका सुरात न येता विखुरतो, आणि कान त्याला लवकर सोडून देतो. शिवाय नक्षीच्या खाचांतली हवा दर फेरीत दाबली जाते, सुटते. आणि तो घुमणारा तिसरा आवाज? तो टायरच्या पोटातल्या हवेचा, साधारण 200 हर्ट्‌झच्या आसपासचा.

यावर उपाय निघालाय. टायरच्या आत फोमची पट्टी चिकटवतात. डग्गा मंदावतो हे खरं, पण सांध्यांची टक-टक त्याने जात नाही. पंक्चर निघालं तर आतून पॅच मारण्याआधी तेवढा फोम खरवडावा लागतो, आणि रस्त्याकडेचा प्रत्येक पंक्चरवाला ते करेलच असं नाही. दर आठवड्याला गावाकडच्या रस्त्यावर जाणाऱ्याने तरी आधी याचा विचार करावा.

(दृश्य: टायरचं दुकान. भिंतीवर टायरच्या रांगा.)

"काका, यातला शांत कुठला?" या प्रश्नाचं छापील उत्तर युरोपात मिळतं. 2012 पासून तिथे टायरवर आवाजाचं लेबल आहे. 2021 मध्ये ते बदललं, आता डेसिबलच्या आकड्यासोबत ए, बी, सी अशी श्रेणी असते, ए सगळ्यात शांत. तीन डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी, म्हणून 72 आणि 69 मधला फरक छोटा समजू नका.

पण तो आकडा मोजतात कसा, ते बघा. ठरावीक पोताचा गुळगुळीत डांबरी ट्रॅक. गाडी ताशी 80 च्या वेगात, इंजिन बंद करून सोडलेली. मायक्रोफोन ट्रॅकच्या मध्यापासून साडेसात मीटर दूर. म्हणजे तो आकडा रस्त्याकडेच्या घरात झोपलेल्या माणसासाठी आहे. मागच्या सीटवरच्या आजींना तो काहीच सांगत नाही. आपल्याकडे वाहनांसाठीच्या एआयएस 142 या मानकात टायरच्या आवाजाची मर्यादा आहे, तीही बाहेरच्याच आवाजाची. दुकानात आकडा विचारला तर बहुधा चहाच मिळेल.

तेव्हा टायर डोळ्यांनी आणि हातांनी निवडायचा. एसयूव्हीला ऐटीसाठी जाड, मोकळ्या ठोकळ्यांचे टायर लावलेत आणि गाडी महिन्यातून 29 दिवस ऑफिसला जाते, तर ती घोंगावणारच. रुंद टायरचंही तेच. अलॉय चाकं बसवताना हौसेने अपसाइझ करतात, म्हणजे मोठं माप घेतात, आणि रुंदी वाढली की सहसा आवाजही वाढतो. कंपनीने दिलेलं माप ठेवा, विजेच्या जड गाडीला तर लोड इंडेक्सही, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडाही, तोच. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षं गोदामात पडलेलं रबर कडक होतं आणि कडक रबर जास्त वाजतं. नायट्रोजनने आवाज जातो असं कोणी म्हणालं तर हसून सोडा, साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

एक गोष्ट मात्र सोडायची नाही, ओल्या रस्त्यावरची पकड. जुलैत बोरघाट उतरताना शांततेचा काही उपयोग नाही.

(दृश्य: गाडीचा जुना टायर. तळहात नक्षीवरून पुढे जातो, मागे येतो.)

काकांनी नवा टायर काढण्याआधी जुन्यावर हात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने करवतीसारखा. ठोकळे तिरके झिजलेत. रोटेशन, म्हणजे टायरची पुढे-मागे अदलाबदल, वेळेवर झालं नाही, अलाइनमेंटही गेलेलं. अशा वेळी कुठलाही नवा टायर शांतच वाटतो आणि श्रेय ब्रँडला जातं. चाकाचं बेअरिंग गेलं तरी गाडी अशीच घुमते. ओळख सोपी आहे. काँक्रीटवरून डांबरावर आलात आणि आवाज पडला, तर तो टायरचा. रस्ता बदलूनही तसाच राहिला आणि वळणावर कमी-जास्त झाला, तर आधी बेअरिंग दाखवा.

या गाडीचा आवाज डांबरावर पडत होता. चार टायर बदलले, माप तेच.

(दृश्य: पुन्हा उर्से नाका, पुन्हा मागची सीट. आठ सेकंद निवेदन नाही.)

सूं बारीक झालाय. टक-टक तशीच आहे, ती रस्त्याची. आजी नातवाला काहीतरी सांगताहेत, आणि आता "काय?" तो विचारतोय. त्याच्या कानात इअरफोन आहेत.