सदतीस अंश

(दृश्य: अंधारातला फड, बॅटरीचा उजेड, कोयत्यांचा आवाज)

कृष्णाकाठ, सांगली जिल्हा. मार्च महिना. उजाडायच्या आधीच टोळी फडात शिरली आहे. दिवाळीच्या आसपास बीडमधून, पाटोदा, आष्टी, शिरूर कासारकडून निघालेली ही माणसं. हंगाम आता शेवटाला आलाय आणि ऊन वाढत चाललंय.

खाली वाकायचं, बुडातून ऊस तोडायचा, वाढं छाटायचं, मागं टाकायचं. पुन्हा वाकायचं.

स्नायू असे राबतात तेव्हा त्यांनी वापरलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाचवा हिस्सा कोयत्याच्या कामी येतो. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. ती आतच साठली, तर तासाभरात माणूस आडवा होईल. पण या ताईंच्या शरीराचं तापमान सदतीस अंशांच्या आसपासच राहतं, कष्टानं फार तर अंशभर वर चढतं.

(दृश्य: दुपार. कपाळावरचा घाम, अगदी जवळून)

हे सांभाळतं कोण? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. तिथून जाणारं रक्त किंचित तापलं, की तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतो. आतली उष्णता रक्ताबरोबर कातडीपर्यंत येते. सकाळी एवढ्यावर भागतं. दुपारी पारा ३८ च्या घरात गेला, की हवाच कातडीपेक्षा गरम. मग उष्णता बाहेर टाकायला एकच वाट उरते: घाम.

(दृश्य: बांधावरचा कॅन, भोवती ओलं गोणपाट)

या कॅनला टोळीनं ओलं गोणपाट गुंडाळलंय. गोणपाटातलं पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. घामही नेमकं हेच करतो. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून जाते. पण तो वाळला तरच. हा बघा, हनुवटीवरून थेंब खाली पडला. तो फुकट गेला. पाणी पाजलेलं रान, दोन्ही बाजूंना उसाची भिंत, वाऱ्याची झुळूक नाही. फडात फुकट जाणारा घाम फार.

अशा कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. तो येतो रक्तातूनच. दादांच्या शर्टाच्या पाठीवर पांढरे नकाशे उमटलेत, ते त्यातलं मीठ. पाणी गेलं की रक्त दाट होतं. एक-दोन टक्क्यांचा फरकही मेंदूला कळतो. तहान लागते आणि व्हासोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात सुटतं. मूत्रपिंडांना निरोप जातो: पाणी सोडू नका. एरवी ही दोन मूत्रपिंडं दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी गाळून त्यातलं बहुतेक सगळं रक्ताला परत देतात. आता ती थेंब न् थेंब राखू लागतात. लघवी कमी होते, गडद होते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडून मीठ धरून ठेवतात. उन्हाची आठ-पंधरा दिवसांत सवय झाली, की घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठही कमी होतं.

अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये या साऱ्या सांभाळाला होमिओस्टॅसिस म्हटलं. आपण समस्थिती म्हणतो.

पण मूत्रपिंडं फक्त आहे ते पाणी राखतात. नवं पाणी तयार करणं त्यांच्या हातात नाही. ते तोंडातूनच यायला हवं.

(दृश्य: डोक्यावर मोळी, फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बायका)

आणि या बायका पाणी पीतच नाहीत. तहान नसते असं नाही. फडात आडोसा नाही, जायचं कुठं? म्हणून सकाळपासून घोटा-घोटावर काढतात. शरीर आतून एवढी काटकसर करतंय, आणि आपण त्यांना एक आडोसा देऊ शकत नाही.

निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊस तोडणारे हजारो जण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. उन्हातलं कष्टाचं काम आणि अपुरं पाणी ही त्यामागची मोठी कारणं मानली जातात. तिथल्या काही मळ्यांवर आता सावली, पाणी आणि विश्रांतीच्या वेळा ठरवून दिल्या आहेत.

(दृश्य: मोकळा झालेला फड, रिकामा कॅन)

इथंही ते जमण्यासारखं आहे. फडाच्या कडेला पाण्याची टाकी, चार बांबूंवर ताडपत्री, बायकांसाठी आडोसा, भर दुपारी दोन तास सुट्टी. तोडणीचा करार होतो तेव्हाच हे कारखान्यानं लिहून द्यावं, आणि उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेच्या, हिशेबात त्याचा एक रुपयाही धरू नये.